क्रिप्टो लायब्ररीची आभाराची फाइल कशी लिहावी

२०१७ च्या पावसाळ्यात मला एका लहान क्रिप्टोग्राफी लायब्ररीत, म्हणजे माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या तयार कोडच्या संचात, चूक सापडली होती. संदेशासोबत आलेला टॅग, म्हणजे संदेश अस्सल असल्याची खूण, खरा की खोटा हे ठरवताना तिथे साधं मेमसीएमपी, म्हणजे बाइटच्या दोन माळा ताडून बघणारं सी भाषेतलं फंक्शन, वापरलेलं होतं. मेमसीएमपी पहिला वेगळा बाइट भेटला की तिथेच थांबू शकतं. मग तपासणीला किती वेळ लागला यावरून टॅगचे सुरुवातीचे किती बाइट जुळले याचा अंदाज बांधता येतो आणि हल्लेखोर एकेक बाइट करत खोटा टॅग जुळवत नेऊ शकतो. मी तीन रात्री बसून वेळ मोजले, आलेख काढले, सगळे बाइट शेवटपर्यंत तपासणारी बारा ओळींची दुरुस्ती लिहिली, चाचणी जोडली आणि पाठवून दिली. आठवड्याभरात दुरुस्ती लायब्ररीत आली. कोड माझाच होता, फक्त व्हेरिएबलची नावं बदललेली. कमिट, म्हणजे बदलाची कायमची नोंद, मात्र दुसऱ्याच्या नावावर, आणि खाली माझा साधा उल्लेखही नाही. मला ते फार लागलं. पुढची दोन वर्षं मी कुठल्याच प्रकल्पाला काही पाठवलं नाही.

आता मी स्वतः अशाच एका लायब्ररीच्या आवृत्त्या काढते, नाशिकला नोकरी सांभाळून, शनिवारी सकाळच्या वेळात. आम्ही सांभाळणारे चौघं आहोत, पण वर्षभरात हातभार लावणारे चाळीसेक तरी भरतात. त्यांची नावं लिहिण्याचं काम मी कुणाला देत नाही, स्क्रिप्टलाही नाही. ते कसं करते ते सांगते. क्रिप्टोमध्ये सगळ्यात मोलाचं काम बऱ्याचदा कोडमध्ये दिसतच नाही, म्हणून इथे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं.

तीन खाती वेगळी ठेवा

कॉपीराइट, लेखक आणि आभार ही तीन वेगळी खाती आहेत. ती एकाच फाइलमध्ये कोंबू नका.

कॉपीराइटची ओळ कायद्यासाठी असते. दुसऱ्याचा एमआयटी, बीएसडी किंवा आयएससी परवान्याखालचा कोड घेतला की त्याची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो, तिथे आपली मर्जी चालत नाही. ओपनएसएसएल या मोठ्या क्रिप्टो लायब्ररीच्या जुन्या परवान्यात तर जाहिरातीतही श्रेय देण्याची अट होती: आमच्या कोडचा किंवा त्याच्या सोयींचा जाहिरातीत उल्लेख केलात तर ओपनएसएसएल प्रकल्पाचं नाव घ्या, आणि ज्या एसएसएलईएवाय या जुन्या लायब्ररीवरून हे सगळं सुरू झालं त्याचे लेखक एरिक यंग यांचंही घ्या. ही अट जीपीएल या मुक्त परवान्याशी जुळत नसल्यामुळे अनेक प्रकल्पांची अडचण व्हायची. अपाचे २.० परवान्यावर जायचं ठरल्यावर २०१७ मध्ये त्यांनी आजवर कोड दिलेल्या लोकांना शोधून शोधून ईमेल पाठवले, संमती मागितली. नवा परवाना प्रत्यक्ष लागू झाला तो सप्टेंबर २०२१ मधल्या ३.० आवृत्तीत. कुणी काय लिहिलं याची नोंदच नसेल तर असं काम सुरूसुद्धा करता येत नाही.

लेखकांच्या खात्यासाठी मी लिबसोडियम या क्रिप्टो लायब्ररीची ऑथर्स ही फाइल समोर ठेवते. तिच्यात रचणारे वेगळे आणि कोडमध्ये उतरवणारे वेगळे लिहिले आहेत. चाचा२० ही संदेश गुप्त करण्याची पद्धत (सायफर) रचली डॅनिएल बर्नस्टाइन यांनी, आर्गॉन२ ही पासवर्ड सुरक्षित साठवण्याची पद्धत बिर्युकोव्ह, दिनू आणि खोव्रातोविच यांनी. त्यांचं काम त्यांच्या नावावर, आणि तो अल्गोरिदम सी भाषेत लिहिणाऱ्याचं काम त्याच्या नावावर. ही विभागणी तुमच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून करा. आपण कोड लिहिला म्हणून सायफर आपला होत नाही, आणि सायफर दुसऱ्याचा आहे म्हणून तो धडपणे चालवून दाखवणाऱ्याची मेहनत कमीही होत नाही.

त्याच लायब्ररीत थँक्स नावाची आणखी एक फाइल आहे. इतर प्रोग्रामिंग भाषांतून लिबसोडियम वापरता यावी म्हणून ज्यांनी बाइंडिंग लिहिली त्यांचे तिथे खास आभार मानले आहेत. बाइंडिंगचा कोड त्या रिपॉझिटरीत नाही, पण लायब्ररी लोकांपर्यंत पोचली ती त्यांच्यामुळे. आभाराचं खातं असं सैल हाताने चालवावं.

आकडा बघून नाव लिहू नका

बहुतेक जण आवृत्ती काढताना गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची शॉर्टलॉग कमांड चालवतात, कोणाचे किती कमिट ते येतं, ती यादी चिकटवतात आणि मोकळे होतात. मीही सुरुवात तिथूनच करते, पण ती निव्वळ हजेरी असते. आमच्या एका आवृत्तीत सगळ्यात वरचं नाव होतं ते कोडमधल्या मोकळ्या जागा आणि टॅब सरळ करणाऱ्याचं: साठ कमिट. त्याचंही काम चांगलंच होतं. पण त्याच आवृत्तीत एका बाईंनी चार पानांचा ईमेल लिहून दाखवलं होतं की प्रोसेस फोर्क झाल्यावर, म्हणजे चालत्या प्रोग्रामची दुसरी प्रत निघाल्यावर, आमचा यादृच्छिक आकडे देणारा भाग आई आणि मूल अशा दोन्ही प्रोसेसना तेच आकडे देतो, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, नॉन्स, दोनदा वापरला जाऊ शकतो. त्यांचे कमिट शून्य. शॉर्टलॉगच्या हिशोबाने त्या आमच्याकडे कधी आल्याच नाहीत.

म्हणून नुसत्या नावाऐवजी वाक्य लिहा. लिनक्स कर्नलच्या क्रेडिट्स फाइलमध्ये नावासाठी एक ओळ, ईमेलसाठी एक आणि काय केलं यासाठी एक अशी पद्धत फार वर्षांपासून आहे, आणि बॉटन या क्रिप्टो लायब्ररीनेही तीच उचलली आहे. काय केलं ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. आमच्या फाइलमधली एक नोंद दाखवते (कॉर्टेक्स-एम३ हा छोटा प्रोसेसर, एक्स२५५१९ ही दोघांत गुप्त किल्ली ठरवायची पद्धत): ‘कॉर्टेक्स-एम३ वर ६४ बिटी उत्तर देणाऱ्या गुणाकाराला लागणारा वेळ आकड्यांप्रमाणे बदलतो हे बोर्डावर मोजलं. १.४ मधली एक्स२५५१९ ची दुरुस्ती यातून झाली.’ नाव वर, ही दोन वाक्यं खाली. वाचणाऱ्याला त्या माणसाने काय केलं ते कळतं, आणि पुढे तोच गुणाकार कुणी ‘सोपा’ करायला निघाला तर तो का करू नये हेही कळतं.

‘बहुमोल योगदानाबद्दल’ किंवा ‘मोलाच्या सहकार्याबद्दल’ असं लिहू नका. लग्नाच्या आहेरावरची चिठ्ठी वाटते ती. क्रियापद वापरा: मोजलं, शोधलं, तपासलं, विचारलं, भाषांतर केलं, जुन्या कंपायलरवर चालवून बघितलं. क्रियापद सुचत नसेल तर त्या माणसाने काय केलं हे आपल्यालाच माहीत नाही, आणि मग आधी ते जाऊन वाचायचं.

नोंद कमिट होतानाच करा

सहा महिन्यांनी आठवून लिहायला बसलात की निम्मे लोक सुटतात. म्हणून कमिटच्या संदेशातच ट्रेलर लिहायचे. संदेश संपल्यावर एक रिकामी ओळ, मग प्रत्येक ट्रेलर स्वतंत्र ओळीवर: को-ऑथर्ड-बाय (सहलेखक), रिपोर्टेड-बाय (कळवणारा), रिव्ह्यूड-बाय (तपासणारा), टेस्टेड-बाय (चालवून बघणारा). पुढे कोलन, नाव आणि कोनी कंसात ईमेल. हे शब्द रोमन लिपीतच, मधल्या आडव्या रेघांसकट लिहावे लागतात, नाहीतर साधनांना ते ओळखता येत नाहीत. गिट २.२९ पासून शॉर्टलॉगला ट्रेलरप्रमाणे गट पाडायला सांगता येतं. तेवढं केलं तरी तपासणारे आणि कळवणारे यादीत दिसायला लागतात.

साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ मात्र आभारासाठी नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं ते त्या माणसाचं स्वतःचं निवेदन असतं, २००४ पासून लिनक्समध्ये चालत आलेलं. दुसऱ्याच्या वतीने ती ओळ कधीही लिहू नका, कितीही चांगल्या हेतूने असलं तरी.

माझ्या बाबतीत झालं ते बहुधा दुष्टाव्याने झालं नसावं. सांभाळणाऱ्याने पॅच, म्हणजे मी पाठवलेला बदल, उघडला, त्याला शैली पटली नाही, त्याने तो आपल्या हाताने पुन्हा लिहिला आणि कमिट केला. असं होतंच. अशा वेळी कमिट करताना ऑथर हा पर्याय देऊन मूळ व्यक्तीचं नाव लेखक म्हणून घाला, कमिट करणारा म्हणून तुमचं नाव गिट आपोआप ठेवतं. दोन्ही नावांसाठी गिटमध्ये वेगळी जागा आहेच, ती वापरायचा अवकाश. फारच बदललं असेल तर लेखक तुम्ही आणि को-ऑथर्ड-बाय त्यांचं. आणि अनेक कमिट स्क्वॉश करताना, म्हणजे एकात मिसळताना, वरचा संदेश पुसून नवा लिहायची सवय असेल तर खालचे ट्रेलर त्यासोबत पुसले गेले नाहीत ना, ते बघा. आमच्याकडे दोनदा पुसले गेले होते.

रिव्ह्यू करणाऱ्याबद्दल थोडं जास्त सांगते. ओपनएसएसएलमध्ये प्रत्येक कमिटखाली रिव्ह्यूड-बाय असतं, आणि ते बरोबरच आहे. दहा ओळींचा मॉड्युलर वजाबाकीचा कोड तपासायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती: उसनवारीचा बिट प्रत्येक फांदीत जातो का, कंपायलर त्याची तुलना करून जंप तर घालत नाही ना, म्हणून शेवटी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेला यंत्रपातळीचा कोड, काढून ओळ न ओळ वाचली. काही चुकलं नव्हतं. म्हणजे त्या दुपारीतून एकही नवी ओळ आली नाही, फक्त ‘ठीक आहे’ एवढं आलं. असं ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याचं नाव लिहिलंच पाहिजे.

त्रुटी कळवणाऱ्यांचं नाव

इथे घाई करून चालत नाही आणि उशीरही करून चालत नाही.

सुरक्षेची त्रुटी कळवणारा ईमेल आला की पहिल्याच उत्तरात मी विचारते: श्रेय हवं आहे का, नाव नेमकं कसं लिहायचं, आणि सोबत संस्थेचं नाव लिहायचं का. काही जण टोपणनाव सांगतात, ते तसंच लिहायचं. काही जण नोकरीमुळे नाव नको म्हणतात. मग ‘नाव न सांगण्याच्या विनंतीवरून’ असं लिहिते, पण नोंद गाळत नाही. उत्तर आलंच नाही तर नाव छापत नाही.

दुरुस्ती जाहीर व्हायच्या आधी सार्वजनिक कमिटमध्ये रिपोर्टेड-बाय लिहू नका. आरएसए या सांकेतिक पद्धतीतल्या पॅडिंगवर (संदेशात घातलेल्या भरावावर) आयुष्य घालवलेल्या एखाद्या संशोधकाचं नाव एका साध्या दिसणाऱ्या कमिटखाली आलं, की जाणकार हल्लेखोराला कुठे बघायचं ते तेवढ्यावरून समजतं. नाव खासगी टिपणात ठेवा आणि त्रुटीची जाहीर सूचना निघेल त्याच घटकेला तिच्यात घाला, ‘पुढच्या आवृत्तीत घालू’ म्हणून ठेवू नका. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेमध्ये जेम्स एलिस यांनी सार्वजनिक किल्लीची, म्हणजे कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना देऊन टाकण्याची, कल्पना १९७० मध्ये मांडली आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये आपण आज ज्याला आरएसए म्हणतो तसलीच पद्धत शोधली. सगळं गुप्त राहिलं. संस्थेने ते जाहीर केलं डिसेंबर १९९७ मध्ये, आणि एलिस त्याआधी जेमतेम महिनाभर, नोव्हेंबरमध्ये, वारले होते. आपल्या एम्बार्गोला, म्हणजे त्रुटी जाहीर होईपर्यंतच्या गुप्ततेला, सत्तावीस वर्षं लागत नाहीत, पण दिलेली तारीख पाळण्याबद्दल मी इतकी आग्रही का आहे ते यावरून कळेल.

सूचनेत शोधणारा आणि दुरुस्त करणारा वेगळे लिहा. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड या गाजलेल्या त्रुटीची, म्हणजे सीव्हीई-२०१४-०१६० ची (सीव्हीई ही जाहीर त्रुटींची क्रमांकवार नोंद) सूचना निघाली तेव्हा ओपनएसएसएलने शोधाबद्दल गूगलचे नील मेहता यांचे आणि दुरुस्ती तयार केल्याबद्दल अ‍ॅडम लँग्ली आणि बोडो म्योलर यांचे आभार मानले होते. कोडेनॉमिकॉन या फिनलंडच्या कंपनीतल्या लोकांनाही तीच चूक स्वतंत्रपणे सापडली होती. तुमच्याकडे असं झालं तर कोणाचा ईमेल आधी आला हे न बघता दोघांनाही श्रेय द्या, दोघांनीही तितकेच कष्ट घेतलेले असतात. सीव्हीईच्या नव्या नोंदींमध्ये यासाठी क्रेडिट्सचा रकाना आहे: शोधणारा, कळवणारा, विश्लेषण करणारा, समन्वय करणारा, दुरुस्ती लिहिणारा, ती तपासणारा, एवढंच काय, ज्या साधनाने चूक सापडली ते साधनही. हा रकाना रिकामा सोडू नका.

आणि चूक कुणाच्या कमिटमधून आली ते सूचनेत लिहू नका. कोणत्या आवृत्तीपासून आली एवढं पुरे. हार्टब्लीडच्या वेळी ती ओळ लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांची नावं जगभरच्या वर्तमानपत्रांत फिरली. त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या, ही गोष्ट लोकांना त्यानंतर कळली.

जे मागायला येणार नाहीत ते

टेस्ट व्हेक्टर, म्हणजे चाचणीसाठीचे ठरलेले आकडे आणि त्यांची अपेक्षित उत्तरं, कुठून घेतले? ते आरएफसी ७७४८ किंवा ८०३२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांतले असतील तर फाइलच्या वरच तसं लिहा. वायचप्रूफ या चाचणीसंचातले असतील तर तेही. त्या व्हेक्टरांनी आमच्या ईसीडीएसए या डिजिटल सहीच्या कोडमधल्या दोन चुका पकडून दिल्या, ज्या आमच्या चाचण्यांतून तीन वर्षं सुटत होत्या. सार्वजनिक मालकीचा कोड, उदाहरणार्थ ट्वीटनॅकल, घेतला तर श्रेय देण्याची कायद्याने सक्ती नाही. पण फंक्शनच्या वर कुठून घेतलं, कोणती प्रत, काय बदललं ते लिहा. उद्या मूळ कोडमध्ये चूक निघाली तर आपल्याला काय बदलायचं ते त्या टिपणावरूनच सापडेल. हल्ल्याबद्दलचा शोधनिबंध वाचून काही दुरुस्त केलं असेल तर लेखकांची नावं आणि वर्ष कोडमधल्या टिपणात लिहा. लकी थर्टीन या हल्ल्यावरची दुरुस्ती करून तो मांडणाऱ्या अल-फरदान आणि पॅटरसन यांचं नाव न लिहिणं मला बरं वाटत नाही.

देणगीदार वेगळ्या यादीत. त्यावर इथे आणखी काही सांगण्यासारखं नाही.

आभार म्हणून कमिट करण्याचा अधिकार देऊ नका. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकसवणाऱ्या साधनात मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची वाट, निघालं ते दोनेक वर्षं नेटाने मदत करून विश्वास कमावलेल्या खात्यातूनच. आभार शब्दांत मानावेत. अधिकार द्यायचा तर त्याची प्रक्रिया वेगळी असावी.

नाव नीट लिहिणं

नाव कसं लिहायचं हे विचारा, अंदाज करू नका. आपल्याकडे कुणी वडिलांचं नाव मध्ये लावतं, कुणी आडनाव लावत नाही, कुणाला आईचं नाव हवं असतं. दक्षिणेतल्या अनेकांचं आडनाव नसून आद्याक्षर असतं, तेव्हा आडनावाप्रमाणे क्रम लावायला गेलात की गोंधळ होतो. मी क्रम लावते तो पहिली मदत कधी आली त्यानुसार.

लग्नानंतर, किंवा दुसऱ्या कुठल्या कारणाने, नाव बदललं तर जुने कमिट बदलता येत नाहीत, पण मेलमॅप फाइल असते, कोणत्या ईमेलपुढे कोणतं नाव दाखवायचं ते ती गिटला सांगते. तिच्यात दोन प्रकारे ओळ लिहिता येते. जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही लिहिलीत तर जुनं नाव त्या फाइलमध्ये कायमचं लोकांसमोर राहतं. फक्त नवं नाव आणि कमिटमधला ईमेल लिहिलात तरी काम होतं, जुनं नाव पुन्हा लिहावं लागत नाही. मी नेहमी दुसरा प्रकार वापरते.

नाव देवनागरीत हवं असेल तर देवनागरीत लिहा, फाइल यूटीएफ-८ असली की झालं. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: ऱ. कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाड यांतला. हा ऱ एका स्वतंत्र चिन्हाने लिहिला जातो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी, आणि काही कीबोर्ड र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालूनही तसाच आकार काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे. आमच्या यादीत एकच मुलगा दोनदा आला होता. मी तासभर दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघत होते, फरक दिसेना. शेवटी हेक्समध्ये काढल्यावर कळलं. एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एक करणाऱ्या युनिकोडच्या नियमाने, पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. तो हाताने सुधारावा लागतो.

ईमेल पत्ता आभाराच्या फाइलमध्ये मी छापत नाही. ज्यांना हवा ते स्वतः सांगतात.

टॅग टाकण्याआधी

आवृत्तीच्या चार दिवस आधी, मंगळवारी, मी प्रत्येकाला त्याची ओळ पाठवते: तुमच्याबद्दल असं लिहिलं आहे, काही बदलायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. हा टॅग म्हणजे आवृत्तीवर गिटमध्ये मारलेली खूण. तो आम्ही सही करून टाकतो, त्यामुळे एकदा टाकला की त्याला हात लावायचा नाही. नाव सुटलं असेल तर मुख्य शाखेतली फाइल त्याच दिवशी सुधारायची आणि पुढच्या आवृत्तीच्या बदलनोंदीत ‘मागच्या वेळी हे नाव राहून गेलं’ असं स्पष्ट लिहायचं.

ती कॉर्टेक्स-एम३ ची नोंद आहे ना, ती सांगलीच्या एका विद्यार्थ्याची. त्याला मंगळवारी ओळ पाठवली तेव्हा तीत ‘बोर्ड जुळवून मोजलं’ असं होतं. शनिवारी सकाळी, मी टॅगची तयारी करत बसले असताना त्याचं उत्तर आलं: ‘ताई, परीक्षा होती म्हणून उशीर झाला. मोजलं मी, पण बोर्ड जुळवला आणि टायमर बसवला तो माझ्या रूममेटने. त्याला गिट येत नाही, त्याचं कुठेच खातं नाही. त्याचं नाव लिहिता येईल का?’

मी त्याच्या ओळीतलं ‘बोर्ड जुळवून’ काढलं, ‘बोर्डावर’ केलं. मग रूममेटचा फोन नंबर मागवून त्याला फोन केला, नाव कसं लिहायचं ते विचारलं. मराठीत लिहा म्हणाला, आणि आडनाव दोनदा उच्चारून दाखवलं. खाली नवी ओळ घातली: ‘बोर्ड आणि मोजण्याचा टायमर जुळवला.’ त्या दिवशी टॅग दोन तास उशिरा पडला.